सहावी निष्पत्ती

अभ्यासक्रम कसा तयार होतो हे बाहेरच्या माणसाला कळलं, तर तो आपल्या पोराचं नाव कॉलेजातून काढून घेईल. पूर्वीची रीत अशी होती : जुना अभ्यासक्रम काढायचा, तिसरं प्रकरण चौथ्याच्या जागी न्यायचं, चौथं तिसऱ्याच्या, एखाद्या संदर्भपुस्तकाची आवृत्ती बदलायची आणि वर नवं वर्ष टाकायचं. वीस टक्के बदल झालाच पाहिजे असा नियम, आणि ते वीस टक्के हे असे. मग अभ्यास मंडळाची सभा, समोसे, "सर्वानुमते मंजूर", आणि सगळे आपापल्या गाडीला. मी हे या डोळ्यांनी पाहिलंय, उगाच कुणाची बदनामी करत नाही.

आमच्या विद्यापीठात ही रीत मोडली ती अत्तरदे सरांनी. हेमचंद्र अत्तरदे, वनस्पती-रोगशास्त्र. मी सानिका फिरके, त्यांची विद्यार्थिनी, आता त्याच विभागात शिकवते. सर म्हणायचे, अभ्यासक्रम शेवटाकडून लिहायचा. शेवटच्या दिवशी पोरगं वर्गाबाहेर पडेल तेव्हा त्याला काय करता येत असेल ते आधी लिहा, प्रकरणं मागून येतात. या 'काय करता येईल'ला आमच्यात निष्पत्ती म्हणतात. तिथे कुणी 'विद्यार्थ्याला विषय समजेल' असं लिहिलं की सर लाल पेनाने काट मारायचे. समजलं हे तुम्हाला दिसणार कसं? करता आलं पाहिजे, आणि करताना दिसलं पाहिजे. मी त्यांच्या हाताखाली एम.एस्सी. केली, पीएच.डी. केली, त्यांच्याच शब्दावर नोकरीला लागले, पण तरीही कागद त्यांच्या टेबलावर ठेवण्याआधी मी तो तीनदा वाचायचे.

आमचा सगळा भाग केळीचा, त्यामुळे 'केळीचे रोग' हा आमचा मानाचा पेपर. त्याच्या सहा निष्पत्ती. पहिल्या पाच सरळ आहेत : रोग ओळखता येणं, रोगाचं कारण प्रयोगशाळेत वेगळं करता येणं, नुकसान मोजता येणं, अशा चढत जातात. सहावी वेगळी. 'कुठल्याही पुस्तकात नसलेलं लक्षण समोर आल्यास त्याबद्दल स्वतःचा प्रश्न मांडता येणे.' वाक्य सरांचं, मी फक्त उतरवून घेतलं. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यावरून झालं.

आता 'अनुकूल'बद्दल सांगते. हे यंत्रणेचं नाव आहे. किचकट काही नाही त्यात.

आपला मेंदू सारखे अंदाज बांधत असतो. जिना उतरताना पुढची पायरी कुठे असेल, समोरचा आता काय बोलेल, या पानावरचा डाग उद्या केवढा होईल. अंदाज चुकला की मेंदू आतल्या आत दचकतो, आणि दचकला की पुढच्या वेळेसाठी स्वतःला दुरुस्त करतो. शिकणं म्हणजे हेच. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की दचकणं कमी कमी होत जातं, आणि जवळजवळ थांबलं की समजायचं, शिकून झालं. कपाळाला बांधायची एक पट्टी असते. ती त्वचेतून मंद प्रकाश आत सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून मेंदूतलं रक्त कुठे धावलं ते बघते. सोबत विजेचे तरंग टिपते. सत्राच्या सुरुवातीचे काही आठवडे मुलं ही पट्टी बांधून वर्गात बसली, की प्रत्येकाचं दचकणं कुठल्या कामात किती वेगाने उतरतं याची रेघ मिळते. ती रेघ पुढे वाढवायची. सत्र संपेपर्यंत ती खाली टेकणार असेल तर पोरगं ती निष्पत्ती गाठणार. टेकणार नसेल तर नाही.

इथवर मलाही काही वावगं वाटत नव्हतं. पुढचा भाग असा, की ज्या मुलाला सहावी जमणार नाही असं दिसतं, त्याच्या अभ्यासक्रमातून सहावी काढून टाकायची आणि तिच्या तासिका उरलेल्या पाचांना वाटून द्यायच्या. पाच पक्क्या होतात. पदवी तीच, गुणपत्रक तेच, आणि त्यावर छापलेलं असतं : 'सर्व निष्पत्ती साध्य'. सर्व म्हणजे त्याच्या वाट्याला ठेवलेल्या सर्व. नापास कुणी होत नाही. आईबाप खूश, कुलगुरू खूश, आणि तपासायला येणारी समिती तर इतकी खूश, की जेवणाचंही कौतुक करून जाते. अट एकच, मुलाला सांगायचं नाही. सांगितलं की मूल खचतं आणि जमणाऱ्या निष्पत्तीही बिघडतात, असं म्हणे अभ्यासातून सिद्ध झालंय. पेपरच्या समन्वयकाने पडद्यावर 'संमती' दाबायची, की झालं काम.

आमच्या विभागात हे बरीच वर्षं प्रयोग म्हणून चाललं होतं. यंदा नव्या अभ्यासक्रमात ते कायमचं करायचं ठरलं. अभ्यास मंडळाचे अध्यक्ष अत्तरदे सर, मसुदा लिहिणारी मी, आणि केळीच्या पेपरची समन्वयकही मीच. मी हौसेने लिहीत होते. नापास झालेल्या पोरांचे चेहरे मी पाहिलेत, ते पुन्हा पाहायला लागू नयेत असं मला मनापासून वाटत होतं.

माझं स्वतःचं एक दुखणं होतं, ते मी सरांखेरीज कुणाला सांगत नसे. मला कुणी प्रश्न दिला, तर मी त्याचं उत्तर असं शोधून देते की विचारणारा बघत राहील. पण स्वतःचा प्रश्न? इतक्या वर्षांत एकही सुचला नाही. शोधनिबंध पाठवायचा आणि तो परत यायचा. काम चोख आहे, पण यात नवीन काय? दर वेळी तेच. मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे, तोंड धुवायचे आणि तासाला जायचे. काहींची उंची कमी असते तसं हे आपलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. सर समजूत घालायचे. म्हणायचे, सगळेच प्रश्न विचारत बसले तर उत्तरं शोधायला माणसं कुठून आणायची? तेवढ्याने मला चार दिवस बरं वाटायचं.

त्यात ही नाझिमा आली. नाझिमा तडवी, एम.एस्सी. पहिलं वर्ष, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली. पोरगी तशी अबोल, पण तास संपला की दाराशी उभी असायची, हातात एखादं पान घेऊन. एकदा म्हणाली, मॅडम, आमच्याकडच्या बागेत पानांवर करपा आहे, पण फक्त रस्त्याकडच्या ओळीला. तर धुळीमुळे करपा येतो, की करपा आलेल्या पानाला धूळ जास्त चिकटते? मी सांगितलं की हे आपल्या अभ्यासक्रमात नाही, आणि पुढे चालू लागले. जिना उतरताना मात्र मला तिचा हेवा वाटला, अगदी खराखुरा हेवा. हे या पोरीला सुचतं कुठून?

दोन आठवड्यांनी अनुकूलची यादी आली. नाझिमाची सहावी काढायची होती. तिची रेघ मी उघडून पाहिली, तर ती खाली यायचं नावच घेत नव्हती. सगळी पोरं एका पानावर दोनदा दचकून थांबत होती, ही बया प्रत्येक वेळी नव्याने दचकत होती. यंत्रणेच्या हिशेबी याचा अर्थ, शिकत नाही. बाकीच्यांच्या नावापुढे मी संमती दाबली. तिच्या नावाशी येऊन माझा हात अडला, आणि का अडला हे मला धड सांगताही येईना.

म्हणून मी रविवारी सरांच्या घरी गेले. काकूंनी भरीत केलं होतं, सोबत कळण्याची भाकरी. सर जेवता जेवता मसुद्यावर बोलत होते, फार खुशीत होते. मी नाझिमाचं सांगितलं. म्हटलं, दाबवत नाही सर, काय करू?

सर हसले. "अगं, एवढा काय विचार करतेस? दाबून टाक. तुझी काढली तेव्हा माझाही हात असाच अडला होता."

मी घास खाली ठेवला. "माझी काय काढली, सर?"

"सहावी," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांचाही हात थांबला. "तुला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. तू स्वतःच तर आता या यंत्रणेत काम करतेस."

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, मधेमधे काकूंना ताक वाढायला सांगत. आमची तुकडी ही पहिली प्रायोगिक तुकडी. कपाळाला पट्ट्या होत्या हे मला आठवतं, आम्हाला सांगितलं होतं की एकाग्रतेचा अभ्यास चाललाय. त्याच सत्रात माझे बाबा गेले होते. माझी रेघ हलत नव्हती. सर म्हणाले, तू इतकी हळवी होतीस, तुला सहावीच्या मागे लावलं असतं तर तू मोडून पडली असतीस. मी ती काढली, बाकीच्या पाच तुझ्याकडून घोटून घेतल्या, आणि तू विद्यापीठात पहिली आलीस. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अभिमानाचं पाणी!

आणि मला तेव्हा शनिवार आठवले. शनिवारी सर काही मुलांना घेऊन बागेत जायचे. तिथे काही शिकवायचे नाहीत, नुसतं हिंडायचे आणि विचारायचे, काय दिसतंय? मला ते प्रयोगशाळेची किल्ली देऊन जायचे. सानिका, तुझ्यावर सोपवून चाललोय, म्हणायचे. मी फुलून जायचे. सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसत दिवसभर एकटी बसायचे आणि मनात म्हणायचे, सरांचा सगळ्यात जास्त विश्वास माझ्यावर. बागेत गेलेल्यांची मला कीव यायची, उन्हात रापून येतात बिचारे. मूर्ख, मूर्ख, मूर्ख मी.

"तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू हट्टाने ठेवली असतीस. आणि बुडाली असतीस. मी ओळखतो तुला, बेटा."

बाप गेल्यावर मी ज्या माणसाला बाप मानलं, त्याने मी एकवीस वर्षांची असताना माझ्या नावापुढचं एक बटण दाबलं होतं. नंतर इतकी वर्षं परत आलेला प्रत्येक निबंध त्यालाच दाखवून मी रडले, आणि तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. एकदाही म्हणाला नाही की अगं, हे तुला शिकवलेलंच नाही. मी ताट तसंच ठेवून उठले. काकू मागून हाक मारत होत्या.

घरी येऊन प्रफुल्लला सांगितलं. प्रफुल्ल म्हणजे माझा नवरा, केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी चालवतो, माणूस सरळ आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण सुवर्णपदक तर मिळालंच ना?" माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की त्या दिवशी मी त्याच्याशी पुढे एक शब्द बोलले नाही.

सकाळी राग जरा उतरल्यावर त्याचा डबा द्यायला नर्सरीत गेले. प्रयोगशाळेतून आलेली रोपं तिथे ट्रेमध्ये लावतात, आणि लावण्याआधी बायका त्यांची निवड करत बसतात. बारीक रोप दिसलं की उचलून मागे ढिगावर फेकायचं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, एवढी फेकता कशाला? प्रफुल्ल म्हणाला, ती वाढत नाहीत.

"कशावरून?"

"आजवर एकसुद्धा वाढलेलं नाही."

"लावून पाहिलं होतंस एखादं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "वाढत नाही तर लावू कशाला?"

मी तिथेच उभी राहिले. हातातला डबा द्यायचं विसरले. माझ्या मसुद्यात, मीच लिहिलेलं एक वाक्य होतं : ज्यांची सहावी काढली, त्यांपैकी जवळजवळ कुणालाच पुढील आयुष्यात ती साधलेली नाही, यावरून अनुकूलचा अंदाज अचूक ठरतो. हे वाक्य मी दोनदा वाचून, तपासून, सरांना दाखवून कायम केलं होतं. अरे, पण त्यांना ती शिकवलीच कुठे? ज्यांना शिकवलं नाही त्यांना आलं नाही, एवढंच यातून सिद्ध होतं. यंत्रणा बरोबर की चूक, हे कळायचा रस्ताच आम्ही बंद करून ठेवलेला. इतकी वर्षं, इतके हुशार लोक, आणि हे कुणी विचारलंच नाही!

मग एकदम लक्षात आलं, की हे मी विचारलंय. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दिलं नव्हतं. माझा पहिला प्रश्न. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. बायका माझ्याकडे पाहत होत्या, प्रफुल्ल घाबरून पाणी आणायला धावला. असा आनंद झाला की पूर्वी मी सगळ्यात आधी सरांना फोन लावायचे. मोबाइल हातात घेतलासुद्धा होता. मग आठवलं, आणि परत पिशवीत टाकला.

नियम मोडायचं मी त्या दिवशी ठरवलं. दुपारी नाझिमाला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. तिची सहावी, माझी सहावी, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं, मॅडम?"

यादी आल्यापासून, मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही रोज माझ्याशी बोलत होता आणि तुम्हाला माहीत होतं."

मी सांगितलं की मी अजून संमती दाबलेली नाही आणि दाबणारही नाही. पण मंडळाने ठराव केला, की नव्या नियमाने समन्वयकाचा अधिकारच जातो. मग सगळ्यांची आपोआप निघेल, तिचीही. ठराव अडवायचा तर शुक्रवारच्या सभेतच अडवायला हवा.

ती म्हणाली, "मग तिथे विचारा ना तुमचा प्रश्न. मला सांगून काय होणार?" आणि पुस्तकं उचलून निघून गेली. तिचा राग रास्त होता, आणि तो मी सोसला.

शुक्रवारी सभा भरली. चोपड्याचे बोंडे सर आले होते, महाजन मॅडम होत्या, नेहमीची मंडळी. सर अध्यक्षांच्या खुर्चीत. माझ्याकडे पाहून मायेने हसले, जणू रविवारी काही घडलंच नव्हतं. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं, विषय एक, विषय दोन झाले, आणि अनुकूलचा ठराव आला. सरांनी सवयीने विचारलं, सर्वानुमते?

मी उभी राहिले. मी म्हटलं, ज्यांना सहावी शिकवलीच नाही, त्यांना ती आली नाही म्हणून आपण अंदाज अचूक धरतोय. एकदा तरी, यंत्रणा ज्यांना नाही म्हणते त्यांतल्या निम्म्या मुलांना सहावी शिकवून पाहू या. आली नाही तर यंत्रणा खरी, मी स्वतः ठरावाच्या बाजूने बोलेन. आली तर आजवर आपण काय केलं, याचा विचार करू.

बोंडे सरांनी हातातला समोसा बशीत ठेवला आणि म्हणाले, "मुद्दा आहे." महाजन मॅडम मसुद्याची पानं मागे उलटून ते वाक्य शोधायला लागल्या, सापडल्यावर त्यांनी मान हलवली. एक क्षण, देवाशपथ सांगते, मला वाटलं की झालं, ठराव पुढे ढकलला जातोय. नाझिमाची सहावी वाचली.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आधी ते दयेवर बोलले. जी मुलं बुडणार हे आपल्याला दिसतंय, त्यांना मुद्दाम पाण्यात ढकलायचं का, निव्वळ आपली खात्री व्हावी म्हणून? त्यावर मंडळी जरा हलली, पण बोंडे सर काही विरघळले नव्हते. म्हणाले, ते ठीक, पण फिरके मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हे नाही.

तेव्हा सर माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ होता.

"सानिका मला मुलीसारखी आहे, म्हणून बोलतो. ती आमच्या पहिल्या प्रायोगिक तुकडीतली. तिची स्वतःची सहावी आम्ही काढलेली होती. असा प्रश्न स्वतःहून मांडणं तिच्या आवाक्यातलं नाही, तिचं आजवरचं कामही तेच सांगतं, तिला विचारा. तेव्हा हा प्रश्न तिच्या हातात कुणीतरी दिलेला आहे. या यंत्रणेच्या वाईटावर असलेले लोक बरेच आहेत, ते पुढे येत नाहीत, अशा भोळ्या माणसाला पुढे करतात." आणि मग मला, "बेटा, कुणी सांगितलं तुला हे विचारायला?"

जी गोष्ट मला स्वतःला पाच दिवसांपूर्वी कळली, ती त्यांनी भर सभेत मांडली. कानशिलं तापली होती. कुणीच नाही सर, मीच, असं मी म्हटलं, पण ते माझ्याच कानांना खोटं वाटलं. बोंडे सर माझ्याकडे पाहत होते. आत्ता मिनिटाभरापूर्वी ते मला फिरके मॅडम म्हणाले होते. आता त्यांच्या नजरेत फक्त दया होती, आणि त्या दयेमागून संशय : हिला कुणी बरं पाठवलं असेल? महाजन मॅडमनी मसुदा मिटला.

खरं सांगायचं तर सर खोटं बोलले असते तर मला इतकं लागलं नसतं. त्यांना ते खरंच वाटत होतं. माझ्याएवढं त्यांना दुसऱ्या कुणी ओळखलेलं नाही आणि त्यांनीही मला जन्मात दुसऱ्या कुणाएवढं जपलं असेल असं वाटत नाही. आणि त्या जपण्यात त्यांनी माझ्या वाट्याला एक प्रश्नसुद्धा ठेवला नव्हता. त्यांनी मला तेव्हा फसवलं त्याचा राग होता, पण आत्ता, सगळ्यांसमोर, माझ्या हातातली ही पहिली आणि एकुलती एक गोष्टही त्यांनी काढून घेतली, आणि तीही प्रेमाने. हे मी त्यांना कधीही माफ करणार नाही.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. मी हात वर केला नाही, पण मी मसुदा लिहिणारी, माझं मत धरत नाहीत. समन्वयकांचे अधिकार त्याच मिनिटाला संपले आणि राहिलेली नावं यंत्रणेने स्वतःच मार्गी लावली. माझ्या पडद्यावर नाझिमा तडवी या नावापुढे हिरवी खूण आली. मी मोबाइलवर तिला कळवलं. तिने वाचलं, उत्तर दिलं नाही.

सगळे गेल्यावर मी कागद आवरत होते. सर दाराशी थांबले होते. जवळ येऊन त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नेहमी ठेवतात तसा. म्हणाले, रागावू नकोस, मला बोलावं लागलं, नाहीतर हे लोक सगळं काम वर्षभर लांबणीवर टाकतात. मी डोकं बाजूला घेतलं. ते ओशाळले असावेत, कारण जाता जाता पुन्हा वळले.

"प्रश्न मात्र फार चांगला होता, सानिका. कित्येक वर्षांत इतका चांगला प्रश्न मी ऐकला नाही. आता इथे आपण दोघंच आहोत. खरं सांग, कुणाचा होता?"

"माझा," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. लहान मूल खोटं बोलतंय हे कळूनही त्याला रागवू नये, तसे.

"बरं," ते म्हणाले, "नको सांगूस."

आणि जिना उतरून गेले.